रोलर काऊंटीचा, रस्ता गावाचा

मुलीकडे कॅलिफोर्नियात आलो की भाजी आणायला आर्टेशियाच्या पायोनिअर बुलेवार्डवर जातो. मेथीच्या जुडीपासून फरसाणापर्यंत सगळं मिळतं. अख्खं गाव जेमतेम ४ चौरस किलोमीटरचं, बोलत बोलत चाललं तर कधी सेरिटोसच्या हद्दीत शिरलो ते कळत नाही. तरी त्याला स्वतःची कौन्सिल आहे. पोलीस खातं मात्र नाही. लॉस एंजेलिस काऊंटीचे (काऊंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) शेरीफ कराराने गस्त घालतात.

माझी नोकरी सार्वजनिक बांधकाम खात्यात गेली, त्यामुळे पुढचा प्रश्न ओघानेच आला: मग अशा गावांचे रस्ते कोण बघतं?

उत्तर जवळच्याच लेकवुडमध्ये आहे. तिथे १९५० पासून तीनेक वर्षांत शेतजमिनीवर सुमारे १७,५०० घरं उभी राहिली. लाँग बीच शहर त्या वस्तीचे तुकडे आपल्या हद्दीत ओढू लागलं. लोकांना स्वतःचं गाव हवं होतं, पण रोलर, डांबर, इंजिनिअर यांचा खर्च झेपणार कसा? जॉन सॅनफर्ड टॉड नावाच्या वकिलाने तोड काढली. कौन्सिल आपली, कामं काऊंटीकडून विकत घ्यायची. एखाददुसरं काम काऊंटी शहरांना आधीही करून देत होती. १९५४ साली लेकवुडने रस्ते दुरुस्ती, इमारत तपासणी, पोलीस असा जवळजवळ सगळाच कारभार कराराने घेतला. पुढच्या काही वर्षांत आसपासच्या अनेक वस्त्या याच वाटेने शहरं झाल्या.

मला यातली आकारणी आवडली. माणसांचे तास, यंत्र, माल आणि वरचा प्रशासकीय खर्च धरून काऊंटी शहराला बिल लावते. कोणतं काम घ्यायचं ते शहर ठरवतं. नको असेल तर तेच काम खासगी कंत्राटदाराला देतं किंवा स्वतःची माणसं नेमतं. भांडणंही झाली. काऊंटी या गावांना स्वस्तात सेवा देते आणि भार आमच्या करदात्यांवर पडतो, अशी जुन्या मोठ्या शहरांची तक्रार बरीच वर्षं चालली. तक्रार रास्तच होती, कारण दर नीट काढला नाही तर कुणीतरी फुकट भरतंच.

आपल्याकडे ‘ठेव अंशदान’ आहेच. नगरपंचायत पैसे भरते, खातं काम करतं. मी अशी कामं केली आहेत. एका ठिकाणी रस्ता होऊन वर्ष झालं नाही तोच मोरीच्या तोंडाशी डांबर खचलं, खालची खडी उघडी पडली. नगरपंचायतीने पत्र पाठवलं, खात्याने कंत्राटदाराकडे बोट दाखवलं, आणि पावसाळाभर शाळेची पोरं सायकली उचलून त्या चिखलातून जात राहिली. दोषदायित्वाचा कालावधी, म्हणजे बिघाड कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायची मुदत, शिल्लक होता! पण तो निविदेत, कंत्राटदार आणि खात्यामधला. पैसे भरणाऱ्या नगरपंचायतीच्या हातात पैसे भरल्याची पावती तेवढी होती. याचा मला आजही राग येतो.

शेजारच्या तीन-चार नगरपंचायतींनी मिळून एक अनुभवी अभियंता आणि खड्डे बुजवणारी एक टोळी ठेवली, तर खर्च वाटला जाईल. पण करारात लिहा: खड्डा किती दिवसांत बुजवायचा, बिलाचा तपशील कोण तपासणार, काम पटलं नाही तर किती दिवसांची नोटीस. कुणा मुख्याधिकाऱ्यांनी असा मसुदा केला असेल तर मला पाठवा. दर आणि मोजमापाची कलमं मी बसून तपासून देईन.