साओला अजून आहे का?

भाचीला आज प्रकल्पासाठी 'वर्गात कुणालाच माहीत नसेल' असा प्राणी हवा होता. मी साओला सुचवला आणि मग दिवसभर तो माझ्याच डोक्यातून जाईना.

व्हिएतनाम आणि लाओसच्या सीमेवर अन्नाम डोंगररांग आहे, ओल्या दाट जंगलांची. १९९२ साली तिथल्या वू क्वांग भागात पाहणी करणाऱ्या पथकाला शिकाऱ्यांच्या घरांत लांब, सरळ शिंगं दिसली. ती कुठल्याच माहीत असलेल्या प्राण्याची नव्हती! विसाव्या शतकाच्या अखेरीस एवढा मोठा सस्तन प्राणी विज्ञानाला नव्याने कळावा, याचं मला अजूनही नवल वाटतं. दिसतो हरणासारखा, पण जवळचं नातं गाईगुरांशी. तोंडावर पांढरे पट्टे, आणि शिंगं नर-मादी दोघांनाही.

कॅमेऱ्यात तो शेवटचा टिपला गेला २०१३ साली. आज जगातल्या एकाही प्राणिसंग्रहालयात साओला नाही.

त्याच्या मागे खास कुणी लागलेलं नाही, हेच जास्त जिव्हारी लागतं. रानडुक्कर, भेकर यांच्यासाठी लावलेल्या तारेच्या फाशांत तोही अडकतो. आपल्या कोकणात डुकरासाठी लावलेल्या फाशात बिबट्या अडकतो, तसंच. अन्नाम डोंगरांतले वनरक्षक जंगल पायी तुडवत असे हजारो फासे काढतात. मला ही माणसं फार मोठी वाटतात.

शोध चालूच आहे. जळवांनी प्यायलेल्या रक्तात साओलाचा डीएनए मिळतो का, हेही संशोधक तपासतात. तो मिळावा, असं अगदी मनापासून वाटतंय.