डीबी घेण्याआधी काय बंद पडू द्यायचे ते ठरवा

छोट्या व्यापारी इमारतीचे वायरिंगचे काम निघाले की मला विचारला जाणारा पहिला प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो: "डीबी किती वेची घ्यायची?" डीबी म्हणजे इमारतीतल्या सगळ्या सर्किटांचे स्विच एकत्र बसवलेली वितरण पेटी, आणि वे म्हणजे तिच्यातली एकेका सर्किटची जागा. प्रश्न चुकीचा नाही, पण तो फार लवकर विचारला जातो. एखाद्या ठिकाणी बिघाड झाला तर इमारतीतले नेमके काय बंद पडावे आणि काय चालू राहावे, हे आधी ठरवावे लागते, आणि पेटीत किती वे हवेत याचे उत्तर त्यातूनच निघते. गेली अनेक वर्षे मी ही कामे करतो आहे. डीबीबद्दल ज्या तक्रारी माझ्याकडे आल्या, त्यांतल्या बहुतेकींचे मूळ याच न विचारलेल्या प्रश्नात होते.

एका दोन मजली इमारतीत खाली गाळे आणि वर ऑफिस होते. ऑफिसची डीबी नवी होती, पत्र्याची, दुहेरी दाराची, दिसायला अगदी नीटनेटकी. आत ६३ अँपिअरचा, ३० मिलिअँपिअरवर पडणारा एकच चार पोलचा (तिन्ही फेज आणि न्यूट्रल तोडणारा) आरसीसीबी, म्हणजे करंट अर्थकडे गळू लागला की आपोआप पडून वीज बंद करणारा स्विच होता आणि सगळी सर्किटे त्याच्या पुढे जोडलेली होती. आठवड्यातून दोन-तीनदा, सकाळी संगणक सुरू होताना, तो पडत असे आणि त्याच्याबरोबर दिवे, एसी, सर्व्हर असे सगळेच जात असे. वायरमनने आरसीसीबी दोनदा बदलून पाहिला होता. मी तिन्ही फेज आणि न्यूट्रल यांच्याभोवती मिळून गळणारा करंट मोजणारा लीकेज क्लॅम्प मीटर अडकवला, तेव्हा आकडा आला १९ मिलिअँपिअर. मग एकेका सर्किटची एमसीबी (जास्त करंट किंवा शॉर्ट झाला की आपोआप पडणारा छोटा स्विच) खाली करत गेलो. आकडा थोडा थोडा उतरत गेला, पण कुठेही एकदम कोसळला नाही. याचा अर्थ एकही उपकरण बिघडलेले नव्हते.

संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये फिल्टरचे कपॅसिटर असतात आणि त्यांच्यामधून अर्थकडे अगदी थोडा करंट कायम वाहत असतो. तो दोष नसून त्या रचनेचाच भाग आहे. एका संगणकामागे साधारण एक मिलिअँपिअर धरला आणि वीसेक संगणक एकाच फेजवर घेतले, की बेरीज तेवढीच होते. या ऑफिसात नेमके तेच झाले होते. ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीने १५ मिलिअँपिअरपर्यंत पडता कामा नये आणि ३० वर पडलेच पाहिजे, असे मानक सांगते. मधल्या पट्ट्यात तो केव्हाही पडू शकतो. १९ वर उभ्या असलेल्या आरसीसीबीला सकाळच्या स्विचिंगचा एक धक्का पुरेसा होता. कायमची गळती त्याच्या रेटिंगच्या ३० टक्क्यांच्या आत, म्हणजे ९ मिलिअँपिअरच्या आत ठेवावी, हा ठोकताळा मी तेव्हापासून कधी मोडलेला नाही.

उपाय आरसीसीबी बदलण्यात नव्हताच, तो मांडणी बदलण्यात होता. प्रत्येक पाच-सहा संगणकांना स्वतंत्र आरसीबीओ, म्हणजे एमसीबी आणि आरसीसीबी या दोन्हींचे काम करणारा एकच स्विच दिला आणि ती सर्किटे तिन्ही फेजवर वाटली. आता एखाद्या केटलचा एलिमेंट अर्थ झाला तर तेवढेच एक सर्किट पडते. व्यापारी जागेत, जिथे माणसे कामाला बसलेली असतात, तिथे एकच आरसीसीबी लावून पैसे वाचवणे मला पटत नाही. मात्र आरसीबीओ लावायचे असतील तर डीबी घेण्यापूर्वीच दोन गोष्टी पाहाव्या लागतात. एक म्हणजे तो एका मॉड्यूलचा, म्हणजे १८ मिलिमीटर रुंदीचा आहे की दोन मॉड्यूलचा, कारण त्यावर वेची सगळी मोजदाद अवलंबून असते. दुसरी गोष्ट म्हणजे प्रत्येक सर्किटचा न्यूट्रल त्याच्या स्वतःच्या आरसीबीओकडेच परतला पाहिजे. दोन सर्किटांचे न्यूट्रल कुठल्यातरी जंक्शन बॉक्समध्ये एकत्र पिळलेले असतील, तर उत्तम दर्जाचा आरसीबीओही लोड आल्याबरोबर पडेल, आणि लोक दोष कंपनीला देतील.

आरसीबीओचा प्रकारही पाहून घ्यावा. एसी टाइपला फक्त साध्या एसी स्वरूपाची गळती कळते. संगणक, एलईडी ड्रायव्हर, इन्व्हर्टर एसी यांच्या जमान्यात किमान ए टाइप हवाच, कारण स्पंदित डीसी गळतीही तो ओळखतो. तीन फेजचा व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारे उपकरण) किंवा गाड्यांचा चार्जर असेल तर गुळगुळीत डीसी गळतीचा विचार करावा लागतो आणि तिथे बी टाइपची गरज पडू शकते. एमसीबीच्या बी कर्व्हशी (कर्व्ह म्हणजे रेटिंगच्या किती पट करंटला ती लगेच पडते ते सांगणारा प्रकार) या बी टाइपचा काहीही संबंध नाही. ऑर्डर देताना हा गोंधळ मी अनेकदा पाहिला आहे.

आता इन्कमर, म्हणजे डीबीत वीज जिथून येते तो मुख्य स्विच. कागदावर जोडलेला लोड ४६ किलोवॅट दिसला, तरी सगळे एकाच वेळी पूर्ण चालत नाही. प्रत्यक्ष वापराचा अंदाज घेऊन तो ३० किलोवॅट धरला, तर ४०० व्होल्ट आणि ०.९ पॉवर फॅक्टरला दर फेजला साधारण ४८ अँपिअर येतात आणि ६३ अँपिअरचा इन्कमर योग्य ठरतो. हा हिशेब बहुतेक जण करतात. दुसरा हिशेब मात्र फार थोडे जण करतात, आणि तो शॉर्टसर्किटचा असतो. समजा ४०० केव्हीए, ४ टक्के इम्पीडन्सचा (करंटला होणाऱ्या अंतर्गत अडथळ्याचा) ट्रान्सफॉर्मर आहे. त्याचा पूर्ण करंट ५७७ अँपिअर, म्हणजे त्याच्या टर्मिनलवर शॉर्ट झाला तर सुमारे १४.४ किलोअँपिअर वाहू शकतात. तिथून ३० मीटर, २५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलने डीबीपर्यंत आलो, की हा आकडा सात-आठ किलोअँपिअरवर उतरतो. एवढ्या फॉल्टला ६ किलोअँपिअर तोडू शकणारी एमसीबी पुरी पडत नाही, १० ची घ्यावी लागते. ट्रान्सफॉर्मर दूर असेल तर ६ ची चालेलही. पण ते ठरवायचे ते हिशेबाने किंवा मीटरने मोजून, दुकानात काय शिल्लक आहे त्यावरून नव्हे. करंट तोडण्याची क्षमता कमी पडलेली एमसीबी फॉल्टच्या क्षणी आतून फुटू शकते, आणि त्या वेळी समोर कोणी उभे असेल याची कल्पनाही नकोशी वाटते.

सुरुवातीच्या प्रश्नाशी थेट नाते आहे ते सिलेक्टिव्हिटीचे, म्हणजे बिघाडाच्या सर्वांत जवळचाच स्विच पडण्याचे. खालच्या सॉकेटमध्ये शॉर्ट झाला तर १६ ची एमसीबी पडावी, ६३ चा इन्कमर पडू नये, ही अपेक्षा साधीच आहे. पण दोन्हीकडे साध्या एमसीबी असतील तर मोठ्या फॉल्टला दोन्ही एकदमच पडतात, कारण दोघींचाही मॅग्नेटिक ट्रिप (मोठ्या करंटला स्विच पाडणारी चुंबकीय यंत्रणा) क्षणार्धात काम करतो. बी कर्व्ह रेटिंगच्या ३ ते ५ पटीत, सी कर्व्ह ५ ते १० पटीत आणि डी कर्व्ह १० ते २० पटीत तात्काळ पडतो. काही हजार अँपिअरपुढे या फरकाला काही अर्थ उरत नाही. म्हणून इन्कमरला योग्य एमसीसीबी (एमसीबीचाच मोठ्या करंटसाठीचा प्रकार) किंवा फ्यूज घेऊन, कोणत्या जोडीला किती करंटपर्यंत सिलेक्टिव्हिटी मिळते हे कंपनीच्या तक्त्यात पाहावे. वरच्या बाजूला आरसीसीबी ठेवायचाच असेल तर तो एस टाइपचा, म्हणजे थोडा थांबून पडणारा, १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचा असावा.

पेटीबद्दल आता थोडक्यात. अशा डीबीचे आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६१४३९-३ हे आहे. दहा किंवा त्याहून अधिक आउटगोइंग सर्किटे असलेल्या डीबीत प्रत्येक सर्किटवर एकाच वेळी सरासरी निम्माच लोड असतो, असे त्यात गृहीत धरता येते. दुकानातले दिवे आणि एसी मात्र दिवसभर पूर्ण चालतात, आणि घरगुती एमसीबीचे रेटिंग ३० अंश सेल्सिअसला दिलेले असते. खेटून बसवलेल्या गरम एमसीबी रेटिंगच्या आतच पडू लागतात. म्हणून सतत चालणारा लोड रेटिंगच्या ८० टक्क्यांच्या आत ठेवावा आणि जड सर्किटे एकमेकांशेजारी घेऊ नयेत. रिकाम्या जागा किमान पाव हिस्सा असाव्यात. भाडेकरू बदलला की नवे लोड येतातच. पेटी शक्यतो पत्र्याची घ्यावी. ब्रिटनमध्ये २०१६ पासून घरांतल्या नव्या पेट्या न जळणाऱ्या असाव्यात असा नियम झाला, त्यामागे सैल जोडण्यांमधून प्लास्टिकच्या पेट्यांना लागलेल्या आगीच होत्या.

सैल जोडणीचा सर्वांत मोठा धोका न्यूट्रलला असतो. तीन फेजच्या डीबीत मुख्य न्यूट्रल सुटला, तर कमी लोड असलेल्या फेजवरच्या उपकरणांना २३० ऐवजी ४०० च्या जवळपास व्होल्टेज मिळू शकते आणि काही क्षणांत टीव्ही, राउटर, ड्रायव्हर जळून जातात. त्यातच संगणक आणि एलईडी यांचे तिसरे हार्मोनिक, म्हणजे मूळ वारंवारतेच्या तिप्पट वारंवारतेचे करंट, तिन्ही फेजमधून न्यूट्रलमध्ये येऊन बेरजेत पडते. त्यामुळे न्यूट्रल बार फेजच्याच क्षमतेचा हवा, आणि स्क्रू हाताच्या अंदाजाने न आवळता छापलेल्या टॉर्कनुसार टॉर्क स्क्रूड्रायव्हरने आवळावा. मी उघडलेल्या एका डीबीत न्यूट्रल लिंकजवळच्या वायरचे काळे इन्सुलेशन तपकिरी होऊन ठिसूळ झाले होते. बोट लावताच पापुद्रा निघाला. लोडचा दोष नव्हता, स्क्रूला फक्त पाऊण फेरा कमी दिला गेला होता.

सर्ज प्रोटेक्शनसाठी, म्हणजे व्होल्टेजच्या क्षणिक उसळीपासून संरक्षणासाठी, टाइप २ चा एसपीडी (ती उसळी अर्थकडे वळवणारे उपकरण) डीबीतच, इन्कमरजवळ बसवावा. त्याच्या फेजपासून अर्थ बारपर्यंतच्या जोडवायरींची एकूण लांबी अर्ध्या मीटरच्या आत ठेवावी. सर्जच्या वेळी वायरीच्या दर मीटरला साधारण एक किलोव्होल्टपर्यंत व्होल्टेज तयार होते, त्यामुळे लांब वळसा घेऊन बसवलेला एसपीडी उपकरणांना पुरेसे वाचवत नाही. पेटी निवडताना त्याला आतच जागा आहे ना, हे पाहून घ्यावे.

शेवटी एक छोटे सर्किट मी प्रत्येक इमारतीत मागून घेतो. जिन्यातला आणि डीबीसमोरचा दिवा वेगळ्या एमसीबीवर, दुसऱ्या कुठल्याही आरसीसीबीच्या पुढे न जोडता घ्यायचा, आणि त्यातला एक बॅटरीचा ठेवायचा. त्या ऑफिसात पूर्वी आरसीसीबी पडला की डीबीसमोरही अंधार होत असे, आणि दाराच्या आत चिकटवलेला सर्किटांचा तक्ता माणसाला मोबाइलच्या उजेडात वाचावा लागत असे. आता तिथे कुठलेही सर्किट पडले तरी तो दिवा चालू राहतो, आणि कोणती एमसीबी खाली आली आहे ते दार उघडताच दिसते.