तुम्ही विचारलंत म्हणून: लिमिटवर एवढे दिवस कशाला

"मॅडम, लिमिटवर तीन आठवडे कशाला? लॉपिटल शिकवून टाका ना, दोन ओळीत उत्तर येतं." अकरावीच्या बॅचचे पालक दरवर्षी विचारतात, आता मुलंही विचारायला लागलीत. लिमिट म्हणजे एक्स एखाद्या संख्येच्या जवळ जवळ जाताना उत्तर कशाच्या जवळ जातं ते, आणि लॉपिटल म्हणजे वरच्या आणि खालच्या भागाचं डेरिव्हेटिव्ह (बदलाचा दर) काढून ते झटपट मिळवायचा नियम. सीईटीला गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, माहितीये हो मला. शॉर्टकटच्या विरोधात मी नाहीये, बारावीला मी स्वतः देते.

पण अकरावीला नाही देत. साइन एक्स भागिले एक्स, एक्स शून्याकडे चाललाय, हे लॉपिटलने करायचं तर साइनचं डेरिव्हेटिव्ह कॉस हे आधी माहीत लागतं, आणि ते काढताना हेच लिमिट वापरावं लागतं. म्हणजे जे काढायचंय तेच धरून चाललो.

हे झालं सांगायचं कारण. खरं कारण एक मुलगी आहे.

आठ वर्षं झाली. फळ्यावर एक्स वर्ग वजा चार भागिले एक्स वजा दोन, एक्स दोनकडे जातोय. मी एक्स वजा दोन कॅन्सल केलं, उरलेल्या एक्स अधिक दोनमध्ये दोन ठेवले, उत्तर चार. ती उभी राहिली. "मॅडम, कॅन्सल केलंत म्हणजे एक्स वजा दोन झिरो नाहीये. मग लगेच एक्सला दोन ठेवलात म्हणजे ते झिरो आहे. नक्की काय?" तास संपायला दहा मिनिटं होती. मी म्हटलं, "पेपरात असं विचारत नाहीत, पुढचं उतरवून घे." ती बसली आणि त्यानंतर वर्षभर तिने एकही प्रश्न विचारला नाही.

तेव्हा मी स्वतःला समजावलं की साठ मुलं आहेत, पोर्शन मागे आहे. पण मला उत्तर येत नव्हतं. एमएस्सी झालेलं, लिमिटची काटेकोर, एप्सिलॉन-डेल्टाची व्याख्या तोंडपाठ, पण ती व्याख्या ह्याच प्रश्नाचं उत्तर आहे हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. नंतर वाचताना कळलं की १७३४ मध्ये बिशप बर्कलीने न्यूटनच्या पद्धतीवर हाच आक्षेप घेतला होता, एक्समधली छोटी वाढ आधी शून्य नाही म्हणता आणि मग शून्य धरता, आणि त्याचं नीट उत्तर यायला कोशी आणि वायरश्ट्रास हे गणिती यावे लागले, म्हणजे थेट एकोणिसावं शतक. आणि मी त्या पोरीला खाली बसवलं.

आता सांगते तसं तेव्हा सांगायला हवं होतं. एक्स दोन होतच नाही. १.९ ठेव, ३.९ येतात, १.९९ ला ३.९९, दुसऱ्या बाजूने २.०१ ला ४.०१. तू सांग चारच्या किती जवळ हवंय, ०.००१? मग एक्स दोनच्या तेवढाच जवळ ठेव, झालं. खुद्द दोनवर काय होतं हे लिमिट विचारतच नाही. शेवटी दोन ठेवतो ते एक्स अधिक दोन हे फंक्शन कन्टिन्युअस आहे, म्हणजे मध्ये कुठे तुटत नाही, म्हणून, त्याचं लिमिट आणि दोनवरची किंमत एकच येते. हे मुलांच्या गळी उतरायला दिवस लागतात.

मागच्या वर्षी एका मुलाने मध्येच क्लास सोडला. वडील म्हणाले, "तुमच्या तत्त्वासाठी माझ्या पोराचं पर्सेंटाइल का जावं?" मला काही बोलता आलं नाही, अजूनही येत नाही. त्या मुलाच्या बाबतीत चुकलेही असेन.

यंदाही लिमिटच्या पहिल्या तासाला तेच गणित घेणार आहे. कॅन्सल केलं की खडू खाली ठेवायचा आणि कुणी उभं राहतंय का, वाट बघायची.