न्हावा-शेवाला थांबलेले पाइन आणि निळ्या बुरशीची ओळख

तुर्भ्याच्या औद्योगिक वसाहतीतील आमच्या फर्निचरच्या कारखान्यासाठी मी न्यूझीलंडहून रेडिएटा पाइनच्या फळ्या प्रथमच थेट मागवल्या आणि कंटेनर न्हावा-शेवाला उतरल्यावर तपासणीसाठी थांबला. लाकूड आयात करू पाहणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून तो अनुभव लिहितो आहे.

फायटोसॅनिटरी सर्टिफिकेटसह (माल कीड-रोगमुक्त असल्याचा निर्यातदार देशाचा दाखला) कागदपत्रे पूर्ण होती आणि क्लिअरिंग एजंटने अर्ज वेळेत भरला होता. कंटेनर उघडल्यावर निरीक्षकांनी फळ्यांच्या आधी त्यांच्याखालचे पॅलेट (माल ठेवायची लाकडी चौकट) टॉर्च लावून पाहिले. त्यावर कणसाचे चिन्ह, देशाची अक्षरे आणि ‘एचटी’ असा शिक्का होता. म्हणजे ते लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअसला सलग 30 मिनिटे तापवलेले होते. मग त्यांनी फळ्यांच्या कडांवर साल राहिली आहे का, बारीक छिद्रे किंवा भुसा आहे का, हे पाहिले. तसे काही आढळले नाही, पण एका गठ्ठ्यात निळसर राखाडी पट्टे दिसले. नमुना घेतला गेला आणि अहवाल येईपर्यंत माल रोखला गेला.

तसेच पट्टे असलेला, पूर्वी बाजारातून घेतलेला पाइनचा एक तुकडा कारखान्यात होता. तो घेऊन मी ठाण्याला मावसबहिणीकडे गेलो. ती महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. तुकड्याच्या टोकावर मोसंबीच्या फोडींसारखे निळे पट्टे केंद्राकडे निमुळते होत गेले होते आणि मध्यकाष्ठापाशी, म्हणजे खोडाच्या आतल्या जुन्या लाकडापाशी, थांबले होते. ताईने ब्लेडने पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. लाकडातील आडव्या किरणपेशींमध्ये (केंद्राकडून सालीकडे जाणाऱ्या पेशींच्या ओळी) बुरशीचे तपकिरी तंतू भरलेले होते, शेजारच्या पेशींच्या भिंती मात्र शाबूत होत्या. “अरे, हे लाकूड कुजलेले नाही, रंगलेले आहे,” ती म्हणाली.

ऑफिओस्टोमा, ग्रॉसमानिया, लेप्टोग्राफियम अशी लाकूड निळे करणाऱ्या या बुरशींची नावे. त्या रसकाष्ठातील, म्हणजे सालीलगतच्या बाहेरच्या लाकडातील, साखर व स्निग्ध पदार्थांवर जगतात. लाकडाला बळ देणारे सेल्युलोज त्या जवळजवळ खात नाहीत. तंतूंमधील मेलॅनिन या गडद रंगद्रव्यामुळे लाकूड निळे दिसते. त्यामुळे मजबुती फारशी घटत नाही, मात्र लाकूड द्रव जास्त शोषते.

मग इतकी कडक तपासणी कशासाठी, हे मला ताईच्या पुढच्या बोलण्यातून समजले, आणि मला तेच सर्वांत महत्त्वाचे वाटते. यांतील अनेक बुरशींचे चिकट बीजाणू सालीखाली राहणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अंगाला लागून झाडाझाडांत पसरतात. कॅनडातील ब्रिटिश कोलंबियात पाइनची विस्तीर्ण जंगले ज्या भुंगेऱ्याने मारली, त्याच्यासोबत ग्रॉसमानिया क्लॅव्हिगेरा ही बुरशी होती. लेप्टोग्राफियम वॅगेनेरी ही उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागात मुळांतून शिरून पाणी वाहणाऱ्या पेशी बंद करते आणि उभे झाड वाळते. आपल्या हिमालयातही चीड (पाइनचीच एक जात) आणि देवदार आहेत. म्हणून निळ्या पट्ट्यापेक्षा सालीचा तुकडा आणि त्याखालचा जिवंत किडा अधिक धोक्याचा. तापवल्याने किडा मरतो, रंग मात्र जात नाही. माझ्या फळ्यांवरचा रंग झाड तोडल्यानंतर आणि भट्टीत वाळवण्यापूर्वी चढलेला असणार.

अहवालात जिवंत कीड आढळली नाही आणि माल सुटला. थांबलेल्या दिवसांचे भाडे भरावे लागले, पण ती तपासणी योग्यच होती असे माझे ठाम मत आहे.

पावसाळ्यात आता फळ्यांमध्ये पट्ट्या देऊन थप्पी लावतो आणि मीटरने ओलावा पाहतो, कारण तो 20 टक्क्यांच्या खाली राहिला तर ही बुरशी वाढत नाही. निळ्या पट्ट्यांच्या फळ्या वेगळ्या ठेवल्या आहेत. पारदर्शक पॉलिशच्या कामाला त्या चालत नाहीत. रंग द्यायच्या चौकटींना आणि खणांच्या आतल्या बाजूंना आमचे मिस्त्री त्याच वापरतात.