लिव्हरच्या गाठीला शेक देण्याआधीचं गणित

लिव्हरच्या कॅन्सरला पाच बैठकांत नेमका शेक (म्हणजे रेडिएशन, या पद्धतीला एसबीआरटी म्हणतात) द्यायचं ठरलं की नातेवाईक पहिलं विचारतात, मशीन कोणतं? खरा प्रश्न दुसराच असतो. गाठ वगळून लिव्हर किती उरतं, आणि ते किती तग धरेल?

बहुतेक पेशंटचं लिव्हर हिपॅटायटिस बी नाहीतर दारूमुळे आधीच आकसलेलं असतं. म्हणून लिव्हर किती बिघडलंय ते सांगणारा चाइल्ड-प्यू स्कोअर आधी काढायचा: बिलिरुबिन, अल्ब्युमिन, आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी), पोटातलं पाणी, भ्रम. ए गट किंवा बी गटातल्या सात गुणांपर्यंत (बी-७) जमतं, त्यापुढे शेकाने फायद्यापेक्षा नुकसानच जास्त. हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह असेल तर विषाणूवरच्या गोळ्या आधी सुरू हव्यात.

डोस गाठीच्या आकारावरून ठरवायचा नाही. निरोगी लिव्हरला सरासरी किती पोचतो ते बघायचं. ही सरासरी १३ ग्रेच्या (ग्रे हे रेडिएशन डोसचं माप) आत राहिली तर गाठीला ५० ग्रे देता येतात. नाही राहिली तर ४५, ४०, ३५ असं उतरत यायचं. गाठ जठर किंवा ड्युओडेनमला (लहान आतड्याच्या सुरुवातीला) चिकटून असेल तर तिथली मर्यादा आधी आडवी येते. पाच बैठकांत आतड्याला ३० ग्रेच्या आसपास थांबावंच लागतं, नाहीतर अल्सर, रक्तस्राव. अशा वेळी गाठीची एक कड कमी डोसवर सोडणंच शहाणपणाचं.

स्कॅनमध्ये सगळ्यात जास्त चुका होतात. श्वासाबरोबर लिव्हर एक-दोन सेंटिमीटर, कधी त्याहून जास्त वरखाली होतं. म्हणून श्वासाबरोबरची हालचाल टिपणारा फोर-डी सीटी, आणि ती हालचाल कमी करायला जमल्यास पोटावर पट्टा. कॉन्ट्रास्टचे (शिरेतून दिलेल्या रंगद्रव्याचे) तीन टप्पे हवेत: साधारण ३५ सेकंदांनी, ७० सेकंदांनी आणि तीनेक मिनिटांनी. पहिल्या टप्प्यात गाठ उजळते, शेवटच्यात काळवंडते. एकाच टप्प्यावर कडा आखल्या तर गाठीचा तुकडा हमखास बाहेर राहतो. कॉन्ट्रास्ट किडनीला जड जाऊ शकतो, म्हणून क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) मात्र आधी बघा. मराठवाड्यातल्या मे महिन्यात पेशंट पाणी कमी पडलेल्या अवस्थेतच येतो.

हिंगोली-परभणीकडून रात्रीच्या एसटीने निघालेला माणूस संभाजीनगरच्या स्टँडवर चहा-पोहे उरकून येतो. भरलेलं जठर प्लॅनपेक्षा वेगळ्याच जागी बसतं. स्कॅनआधी आणि प्रत्येक बैठकीआधी तीन-चार तास उपाशी, हे कागदावर लिहूनच द्यावं. जुने रिपोर्ट आणताना फिल्मबरोबर सीडीही आणायला सांगा, प्लॅनिंगच्या कॉम्प्युटरला फिल्मचा उपयोग नाही.

टेबलावर मणके जुळले म्हणजे लिव्हर जुळलं असं नाही. शेकाआधी मशीनवरच काढलेल्या कोन-बीम सीटीत लिव्हरची कडच जुळवायची. मधल्या दिवसांत पोटातलं पाणी काढलं किंवा वाढलं असेल तर जुना प्लॅन चालवू नये, नवा स्कॅन घ्यावा.

शेकानंतर साधारण दोन आठवडे ते तीन-चार महिने लिव्हर बिघडू शकतं. त्या काळात पोट फुगलं, रक्तातले लिव्हरचे एन्झाइम चढले, की गावातला डॉक्टर कॅन्सर वाढला असं धरतो. डोस आणि तारखा लिहिलेला कागद पेशंटच्या पिशवीत असू द्या.