क्रॉसओव्हर पाइपचा ढिला सांधा पक्का करताना आलेला अनुभव

माझी मोटरसायकल जुनी, कार्ब्युरेटरची आणि हवेने थंड होणाऱ्या दोन समांतर सिलिंडरांची आहे. गेल्या पावसाळ्यानंतर ती सकाळी थंड असताना सुरू केली की इंजिनच्या पुढच्या खालच्या बाजूने एका लयीत टकटक ऐकू येई आणि इंजिन तापले की तो आवाज जवळजवळ नाहीसा होई. त्याच सुमारास गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना ॲक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमधून फटाक्यांसारखे बार निघू लागले. टकटक ऐकून बहुतेकांनी टॅपेटकडे, म्हणजे इंजिनच्या झडपा उघडणाऱ्या भागाकडे, बोट दाखवले. परंतु टॅपेटचा आवाज इंजिन तापल्यावर असा विरत नाही. तापल्यावर आवाज बंद होतो याचा अर्थ कुठेतरी धातू प्रसरण पावून फट बुजवत असला पाहिजे, आणि अशी फट पडण्याची सर्वांत संभाव्य जागा म्हणजे दोन्ही बेंड पाइपना (सिलिंडरपासून सायलेन्सरकडे जाणाऱ्या वाकड्या नळ्यांना) इंजिनखाली जोडणारा आडवा क्रॉसओव्हर पाइप.

हा पाइप दिसायला किरकोळ असला तरी त्याचे काम मोठे आहे. 1937 मध्ये एडवर्ड टर्नर यांनी आखलेल्या ट्रायम्फ स्पीड ट्विनने जी रचना रूढ केली, तिच्यात दोन्ही पिस्टन एकत्र वर येतात आणि एकत्र खाली जातात, पण ठिणगी मात्र आळीपाळीने, क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या) प्रत्येक फेऱ्यात एकाच सिलिंडरमध्ये पडते. पुढे अनेक कारखान्यांनी हीच रचना वापरली आणि माझी गाडीही तिच्यावरच आधारलेली आहे. एका सिलिंडरमधून जळालेला वायू जोराने बाहेर येतो तेव्हा दुसऱ्या बाजूचा सायलेन्सर जवळपास रिकामा असतो. क्रॉसओव्हर पाइपमुळे त्या धक्क्याचा काही भाग तिकडे वळतो, आवाज सौम्य होतो आणि मधल्या वेगात इंजिनची ओढ चांगली राहते. सांधा ढिला झाला की हे सगळे बिघडते. बाहेर पडणाऱ्या वायूच्या प्रत्येक धक्क्यामागून कमी दाबाची लाट येते, ती फटीतून बाहेरची हवा आत ओढते, आणि उतारावर ॲक्सिलरेटर बंद असताना न जळता आलेल्या पेट्रोलला ती ताजी हवा मिळाली की पाइपमध्येच बार होतो. माझ्या गाडीत हा त्रास आवाज आणि थोड्या अडखळण्यापुरता होता, परंतु 2020 मध्ये लागू झालेल्या बीएस-6 या धूरनियंत्रणाच्या नियमांनंतरच्या, ऑक्सिजन सेन्सर असलेल्या गाड्यांत सेन्सरच्या आधीची अशी गळती अधिक उपद्रव करते, कारण आत आलेली हवा पाहून सेन्सर मिश्रणात पेट्रोल कमी असल्याचे सांगतो आणि संगणक विनाकारण जास्त पेट्रोल सोडू लागतो.

संशयावर पाना चालवण्याऐवजी आधी खात्री करून घेतली. गाडी पूर्ण थंड असताना व्हॅक्यूम क्लीनरची हवा बाहेर फेकणारी बाजू एका सायलेन्सरला चिंध्या गुंडाळून लावली, दुसऱ्या सायलेन्सरचे तोंड ओल्या फडक्याने बंद केले आणि सगळ्या सांध्यांवर ब्रशने साबणाचे पाणी सोडले. सिलिंडर हेडजवळच्या, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणाजवळच्या, उजव्या फ्लँजवर (पाइप हेडला आवळून धरणाऱ्या कड्यावर) बारीक बुडबुडे आले, तर क्रॉसओव्हरच्या डाव्या क्लॅम्पखालून (सांधा आवळणाऱ्या पट्टीखालून) चक्क फेस बाहेर आला. त्याच ठिकाणी काजळीची काळी पट्टीही उमटलेली होती, जी चिखलामुळे एरवी दिसत नव्हती. ज्यांना इंजिन चालू ठेवून गळती शोधायची असेल त्यांनी ते मोकळ्या अंगणातच करावे. बंद गॅरेजमध्ये साठणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंगही नसतो आणि वासही नसतो.

गळती सापडल्यावर मिळालेले सल्ले तीन प्रकारचे होते: क्लॅम्प आणखी आवळा, सांध्यावर सायलेन्सर पेस्ट भरा, किंवा आर्गन वेल्डिंग करून कायमचा प्रश्न मिटवा. क्लॅम्पचा बोल्ट आधीच शेवटपर्यंत आवळलेला होता आणि क्लॅम्पची दोन्ही टोके एकमेकांना टेकलेली होती, म्हणजे त्यापुढे आवळून केवळ आटे गेले असते. पेस्ट लहान फटीसाठी ठीक असते, हलणाऱ्या सांध्यात ती थोड्याच दिवसांत भुगा होऊन गळून पडते. वेल्डिंगचा विचार मात्र मी आकडे मांडून बाजूला ठेवला. साध्या पोलादाचा 150 मिलिमीटर लांबीचा पाइप 300 अंश सेल्सिअसने तापला तर तो सुमारे अर्धा मिलिमीटर वाढतो. दोन्ही बेंड पाइप वरती हेडला घट्ट धरलेले असताना ही वाढ सामावून घ्यायला जागाच ठेवली नाही, तर तिचा ताण वेल्डिंगच्या कडेवर किंवा हेडच्या स्टडवर, म्हणजे हेडमध्ये रोवलेल्या आट्यांच्या दांड्यांवर, जाणार. शिवाय दोन्ही बेंड पाइप एकसंध झाले की पुढे एकच बाजू उतरवण्याची सोय उरत नाही. हा सांधा घट्ट हवा, पण लांबीच्या दिशेने किंचित सरकणाराही हवा.

उतरवण्याच्या कामात सगळी चिकाटी स्टडसाठी लागते. फ्लँजचे नट वर्षानुवर्षे तापून-गंजून स्टडशी एकजीव झालेले असतात, आणि पोलादी स्टड ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये तुटला तर दोन तासांचे काम हेड उतरवण्यापर्यंत जाते. म्हणून उघड्या आट्यांवरची घाण तारेच्या ब्रशने काढून गंज सोडवणारे तेल मारले, रात्रभर मुरू दिले, सकाळी पुन्हा मारले. नट फिरू लागल्यावरही तो एका दमात सोडवला नाही. पाव फेरा मागे, किंचित पुढे, पुन्हा तेल, असे करत आणला. एक नट हलेना तेव्हा पेट्रोलची टाकी उतरवून बाजूला नेली, हॉट एअर गनने नटाभोवती उष्णता दिली आणि मग तो सुटला. सहा कोनांचा सॉकेट वापरावा, कारण बारा कोनांचा सॉकेट गंजलेल्या नटाचे कोपरे गोल करून टाकतो.

पाइप हातात आल्यावर दोष स्पष्ट दिसला. बेंड पाइपवरचे आखूड तोंड 28 मिलिमीटर व्यासाचे होते आणि ते दोन दिशांनी मोजले तरी गोल होते. मात्र त्यावर बसणाऱ्या क्रॉसओव्हर पाइपचे डावे टोक आतून गंज खाऊन अर्ध्या मिलिमीटरहून अधिक मोठे झाले होते. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर कामे करणारे एक वयस्कर टर्नर आहेत, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो. स्टेनलेस स्टीलचा पाइप करून द्या, असे मी त्यांना म्हणणार होतो. मात्र बेंड पाइप साध्या पोलादाचा आहे हे आठवल्यावर विचार बदलला. स्टेनलेस साध्या पोलादापेक्षा जास्त प्रसरण पावते. 28 मिलिमीटर व्यासावर, 300 अंशांच्या फरकाने, बाहेरची नळी आतल्या तोंडापेक्षा सुमारे 0.04 मिलिमीटर जास्त फुगली असती, म्हणजे गाडी तापली की क्लॅम्पची पकड थोडी सैल झाली असती. गंजाची भीती पत्करून साधे पोलादच घ्यायचे ठरवले. मामांनी नळी आतून एक दशांश मिलिमीटर मोकळी ठेवून कातली, टोकांना चार-चार चिरा पाडल्या आणि प्रत्येक चिरेच्या शेवटी लहान भोक घेतले, जेणेकरून थरथरीने चीर पुढे फाटत जाऊ नये. बाहेरून उष्णतारोधक काळा रंग दिला.

फ्लँजमधल्या, गळती रोखणाऱ्या तांब्याच्या रिंगा त्या मापात लगेच मिळेनात. वापरून दबलेले तांबे कडक होते आणि मग फटीचा आकार घेत नाही. ते लाल होईपर्यंत तापवून पाण्यात विझवले की पुन्हा मऊ पडते. पोलाद असे विझवले तर कडक होते, तांब्याचे तसे नाही. मामांनी दोन्ही रिंगा अशा मऊ करून दिल्या, मी त्यांच्यावरची काजळी घासकागदाने काढली.

बसवताना मामांचे एक वाक्य डोक्यात होते: “अहो, आवळायची घाई करू नका, आधी सगळं ढिलं ठेवा, पाइप आपली जागा आपण घेतो.” सांध्याची खरी दुरुस्ती मला या क्रमात दिसली. सायलेन्सरचे मागचे बोल्टसुद्धा सोडले, स्टडच्या आट्यांना तांब्याचे ग्रीस लावले, रिंगा हेडमध्ये ग्रीसच्या थेंबावर चिकटवल्या, क्रॉसओव्हर नळी दोन्ही तोंडांवर सारखी जाईल अशी मध्ये धरली आणि सगळे नट फक्त बोटांनी लागतील तितकेच लावले. मग दोन्ही बेंड पाइप हाताने हलवून ते रिंगांवर सपाट टेकल्याची खात्री केली. आवळण्याची सुरुवात हेडच्या फ्लँजपासून केली, दोन्ही नट आळीपाळीने थोडे थोडे फिरवत, आणि शेवटी टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) मॅन्युअलमधल्या मापापर्यंत नेले. त्यानंतर क्रॉसओव्हरचे क्लॅम्प, आणि सर्वांत शेवटी सायलेन्सरचे बोल्ट. हा क्रम उलटा केला, म्हणजे मागचे बोल्ट आधी आवळले, तर पाइप ओढलेल्या अवस्थेत हेडवर बसतो. त्या दिवशी सगळे घट्ट वाटते, पण तो ताण प्रत्येक कंपनाबरोबर सांध्याला सैल करत राहतो. माझा जुना सांधा नुसत्या गंजाने गेला असे मला वाटत नाही. सायलेन्सरचा डावा बोल्ट सोडताच पाइप बोटभर बाजूला उडाला होता, त्यावरून तो आधी कधीतरी ताणातच बसवलेला असावा.

इंजिन सुरू करण्यापूर्वी क्रोमवरचे बोटांचे आणि ग्रीसचे डाग स्पिरिटने पुसले, कारण पहिल्या तापण्यात ते कायमचे भाजून निघतात. गाडी अंगणात तापवली, पूर्ण थंड होऊ दिली आणि सगळे नट पुन्हा त्याच क्रमाने तपासले. फ्लँजचे नट थोडे फिरले, क्लॅम्प जवळपास जागच्या जागी होते. तांब्याची रिंग दबून बसते, त्यामुळे ही दुसरी फेरी टाळू नये. त्यानंतर करूळ घाटात नेली तेव्हा उतारावरचे बार बंद झाले होते आणि तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये कमी वेगातून उचल घेताना जो अडखळलेपणा जाणवत असे तोही गेला. क्लॅम्पच्या बोल्टचे तोंड मी आता मागच्या बाजूला वळवून ठेवले आहे. पुढच्या चाकाचा चिखल त्यावर थेट येत नाही आणि गाडीखाली न झोपताही त्याला पाना लागतो.