दाखला न मागणारी रांग

अमेरिकेत एखाद्या सेवाभावी संस्थेच्या अन्नमदतीचा कारभार नव्याने हाती घेतला, की आपल्याकडच्या माणसाला पहिला धक्का देतो तो नोंदणीचा फॉर्म. नाव, पत्ता, घरात माणसं किती, आणि ‘आमचं उत्पन्न वरच्या तक्त्यातल्या मर्यादेच्या आत आहे’ या ओळीखाली सही. संपलं. पगाराची स्लिप नाही, तहसीलदाराचा दाखला नाही, अंगठा नाही. रेशन दुकानात ई-पॉस मशीनवर आजीचा झिजलेला अंगठा पुसून पुसून लावणारे आपण. पहिला प्रश्न हाच येतो, की लोक खोटं लिहीत नाहीत का? लिहीत असतील काही.

पण हिशोब मांडा. पॅन्ट्रीत, म्हणजे गरजूंना फुकट किराणा वाटणाऱ्या वस्तीतल्या ठिकाणी, दिवसाला १२० कुटुंबं आली आणि कागद तपासायला घरटी दहा मिनिटं धरली, तर २० तास झाले. तेही फुकट काम करणाऱ्या स्वयंसेवकांचे. वाचणार काय, तर एखाद्या खोटारड्याला गेलेले तीस पौंड वजनाची डबे-भाजी.

सरकारी धान्य येतं ‘टीफॅप’ या योजनेतून: केंद्र शेतमाल विकत घेतं, राज्यांना देतं, तिथून तो फूड बँकेच्या मोठ्या गोदामात आणि मग वस्तीतल्या पॅन्ट्रीत. उत्पन्नाची मर्यादा राज्यागणिक वेगळी, पण बहुतेक ठिकाणी सहीवर भागतं. घोळ होतो तो नोंदणीच्या टेबलावर. भली माणसंच जादा चौकशा करतात: ओळखपत्र दाखवा, नोकरी का गेली, गाडी तर चांगली दिसते. (बस नसलेल्या गावात गाडी ही श्रीमंती नव्हे, कामावर जायची सोय.) म्हणून नव्या व्यवस्थापकाने आधी गोदामात न जाता या टेबलाशेजारी उभं राहून ऐकावं. फॉर्मवरचे प्रश्न मोठ्या अक्षरांत छापून टेबलावर चिकटवावेत. त्याबाहेर एकही विचारायचा नाही. लोकांशी संबंध येणाऱ्या प्रत्येक स्वयंसेवकाला दरवर्षी नागरी हक्कांचं प्रशिक्षण द्यावं लागतं, त्याच्या हजेरीच्या सह्या जपाव्यात. ‘अँड जस्टिस फॉर ऑल’ हे भेदभावाविरुद्धचं पोस्टर सगळ्यांना दिसेल असं लावावं, नोंदी तीन वर्षं ठेवाव्यात. पॅन्ट्री चर्चमध्ये असली तरी आधी प्रार्थना, मग पिशवी, असं चालत नाही.

म्हणून लगेच आपल्या रेशनला नावं ठेवू नका. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिना पाच किलो, अंत्योदय घराला ३५ किलो, हा हक्क आहे, आणि २०२३ पासून तो मोफत आहे. पॅन्ट्रीत हक्क वगैरे काही नाही. ट्रक आला नाही तर फळ्या रिकाम्या. शिवाय सरकारी खर्चाने किराणा देणाऱ्या ‘स्नॅप’ कार्डासाठी अमेरिकेतही पगाराचे कागद लागतात, मुलाखत होते. विश्वास आहे, पण तो डब्यांपुरता.

डब्यांवरच्या तारखांचं प्रकरण वेगळंच. केंद्रीय कायद्याने तारीख सक्तीची आहे ती फक्त बाळांच्या फॉर्म्युला दुधावर. ती उलटली की डबा त्याच दिवशी बाद, चर्चा नाही. बाकी बहुतेक तारखा कंपनीने चव-दर्जाच्या अंदाजाने छापलेल्या असतात. टोमॅटो, फळं असे आंबट डबे बारा ते अठरा महिने दर्जा टिकवतात. मका, राजमा, मांस दोन ते पाच वर्षं. हे माहीत नसलेला स्वयंसेवक चांगला माल कचऱ्यात टाकतो आणि शिवणीवर (पत्र्याच्या जोडावर) चेपलेला डबा मात्र फळीवर ठेवतो. खरं तर उलट हवं. अंगावरची छोटी पोच चालते. शिवणीवरची पोच, खोल गंज किंवा गळती चालत नाही. फुगलेला डबा तर उघडूही नये, हुंगूही नये.

फ्रिज ४१ फॅरनहाइट म्हणजे ५ सेल्सियसच्या आत, फ्रीझर शून्य फॅरनहाइट, माल जमिनीपासून सहा इंच वर. मोठ्या पोत्यातला तांदूळ सुटा करून भरणार असाल तर पिशवीवर लेबल हवं, आणि त्याच टेबलावर आधी शेंगदाणे भरले असतील तर टेबल धुऊनच, कारण काहींना शेंगदाण्याची ॲलर्जी असते.

वैताग आहे तो अहवालाचा. सगळं पौंडात मोजतात आणि १.२ पौंड म्हणजे एक जेवण धरतात. ३६०० पौंड वाटले की ३००० जेवणं! कलिंगडांचा ट्रक आला की आकडा फुगतो. कोरडी मसूर शिजून दुपटीहून जास्त भरते, पण कागदावर तिचं वजन पोत्यातलंच. दुकानांकडून ब्रेड आणि केक ढिगाने येतात, अंडी-दूध कमी पडतं, आणि एकूण वजनात हे दिसतच नाही. म्हणून कडधान्यं, अंडी, दूध यांचा रकाना पहिल्या महिन्यापासून वेगळा ठेवावा. देणगीदार तो विचारत नाहीत, पण पुढची खरेदी त्यावरूनच ठरते.